फिल्ममधला हात

कांती, तुझ्या फिल्ममधला हात मी बदलला आहे. हे आधी सांगून टाकतो. बाकीचं सांगताना मी आडवळणाला लागेन, आणि आडवळणं घेण्यात माझी हयात गेली.

तू तो हात संगणकावर किती जीव लावून केला होतास! टेपरेकॉर्डरची लाल ठिपक्याची कळ दाबणारा उजवा हात. अनामिकेत पोवळ्याची अंगठी. मनगटावर सोल्डरिंग करताना भाजल्याचा डाग. मी म्हणालो होतो, "अरे, एवढासा डाग कोण बघणार?" तू लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणालास, "मी देखसू ना." त्या डागासकट मी तो हात काढला आणि तिथे माझा ठेवला. माझा डावा. तू मला चाळीस वर्षं डावरा मास्तर म्हणून चिडवलंस, तेव्हा हात कुणाचा हे तू एका नजरेत ओळखलं असतंस.

हे मी छापायला देणार आहे. म्हणून तुला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टीही लिहाव्या लागतील. कंटाळू नकोस.

खांडबाऱ्यात स्टेशनकडून बाजारात शिरलं की तुमचं रेडिओचं दुकान. मी म्हसावदचा, शेतकऱ्याच्या घरातला. हायस्कुलात गणित शिकवायला आलो आणि तुमच्या मागच्या खोलीत राहायला लागलो. तुम्ही राजस्थानातून आलेले, पण दुकानात बसलात की अहिराणी बोलायचात माझ्याहून बरी. तुझ्या आईला तुम्ही सगळे 'बाई' म्हणायचात, म्हणून मीही बाईच म्हणायला लागलो.

आणि मग सुरतेच्या तुझ्या मामांनी ते यंत्र पाठवलं. घरात वापरायचा संगणक! आम्ही तोवर संगणक म्हणजे खोलीभर कपाटं, एवढंच वाचलेलं. हा निघाला बिस्किटांच्या खोक्याएवढा, वर रबरी कळा. तुझ्या वडिलांनी तो उचलून बघितला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, "ह्यामा रेडिओ लागस का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. आपला सुरू झाला.

त्याला टीव्ही जोडायचा, कारण पडदा त्याचा स्वतःचा नव्हता. लिहिलेलं सांभाळून ठेवायला त्याच्यात जागाही नव्हती. वीज गेली की सगळं पुसलं. ठेवायचं असेल तर साधा टेपरेकॉर्डर जोडायचा. मग ते यंत्र आपला प्रोग्राम आवाजात बोलून दाखवायचं आणि कॅसेट तो ऐकून घ्यायची. पुन्हा हवा असला की कॅसेट वाजवायची आणि यंत्र ऐकायचं. आवाज कसला, किंचाळीच ती. टीव्हीच्या कडांना तेवढा वेळ रंगीत पट्टे धावायचे. मला आजही याचं नवल वाटतं, की गणिताचं उत्तर कधीकाळी कानांनी ऐकता येत होतं. तू एकदा डोळे मिटून ऐकत बसला होतास. मी विचारलं, काय ऐकतोस? म्हणालास, "यामा तुन्ही बेरीज कोठे शे ते धुंडी ऱ्हायनू."

लोक म्हणतात, या भागात मुलांना संगणक शिकवायला पहिल्यांदा मास्तरांनी सुरुवात केली. मला शाल-श्रीफळ मिळालं तेव्हा तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. हे खरं नाही. शाळेत सरकारी संगणक येण्याच्या किती तरी आधी तुझ्या दुकानाच्या मागे, पोत्यावर बसून, माझी मुलं तुझ्याकडून शिकली. मी नुसता गणितं पुरवायचो. पण लोकांनी तुझं नाव का विसरावं? कारण तू मध्येच ते यंत्र खोक्यात बांधून माळ्यावर टाकलंस आणि पुन्हा हात लावला नाहीस. आणि तू ते का बांधलंस, याचं खरं कारण मी होतो.

तर तो दिवस. वैशाखात तुझ्या बहिणीचं, विमलचं लग्न झालेलं, ती सुरतेला गेलेली. शाळा उघडून थोडेच दिवस झाले होते. तू माल आणायला नंदुरबारला गेला होतास. मी शाळा सुटल्यावर दुकानामागे बसून मुलांच्या गुणांची बेरीज, टक्के, क्रमांक काढणारा प्रोग्राम लिहीत होतो. दुपार सरली. दिवा मिचमिचायला लागला. तेव्हाची खांडबाऱ्याची वीज तुला माहीत आहे. दोनदा मिचमिचली की तिसऱ्यांदा जायचीच. कोरी कॅसेट शोधली, मिळाली नाही. खणात एक बिननावाची होती. तिच्या पाठीवरची चिमुकली खिट्टी तोडलेली होती.

ही खिट्टी आजच्या लोकांना सांगावी लागेल. कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकचा एक तुकडा असायचा. तो तोडला की तिच्यावर दुसरं काही भरता यायचं नाही. कंपनीच्या गाण्यांच्या कॅसेटी तशाच यायच्या. जुन्या झालेल्या, लोकांनी परत दिलेल्या कॅसेटी आपण फेकत नसू. त्या भोकावर चिकटपट्टी लावायची की कॅसेट पुन्हा भरायला मोकळी. तुझ्या दुकानाची ती रीतच होती. तूच मला शिकवलेली. त्यामुळे तुटलेली खिट्टी बघून माझ्या मनात आलं ते एवढंच: जुनी गाणी असतील. मी पट्टी लावली. वाजवून बघितली नाही. दिवा तिसऱ्यांदा मिचमिचायच्या आत मला कळ दाबायची होती.

यंत्र किंचाळायला लागलं, तेवढ्यात बाई चहा घेऊन दारात.

"मास्तर, ते काबर वरडी ऱ्हायनं? त्याले काय दुखी ऱ्हायनं का?"

"नाही बाई, ते बोलतंय."

"बोलस तं नीट बोलाले काय व्हयनं? आनी तुम्हना चहा ठंडा व्हई ऱ्हायना, त्याले सांगा जरासं थांबी जाय."

मी हसलो. त्याही हसल्या. दोन हातांवर, त्या कॅसेटमध्ये, त्यांचा आवाज पुसला जात होता आणि त्या मला साखर पुरेशी आहे का विचारत होत्या.

कांती, ती कॅसेट विमलच्या पाठवणीची होती. लग्नात बायकांच्या खोलीत तू रेकॉर्डर चालू करून ठेवलास आणि जीपगाड्यांची व्यवस्था बघायला बाहेर गेलास. तिथे बाईंनी पाठवणीचं गाणं म्हटलं. संध्याकाळी तू कॅसेट काढलीस, कुणी वर काही भरू नये म्हणून खिट्टी तोडलीस आणि ठरवलंस की विमल आली की सगळे मिळून ऐकू. नाव लिहायचं राहिलं. पुढे तू स्वतःलाच दोष द्यायचास, नाव लिहिलं असतं तर, नाव लिहिलं असतं तर. नाव लिहिलेलं असतं तर मी तिला हात लावला नसता, हे खरं. पण न लिहिलेल्या कॅसेटला हात लावणारा तू नव्हतास.

आषाढात बाई गेल्या.

श्रावणात विमल राखीला आली. आईविना पहिली राखी. ताटात घेवर होता, तुमच्याकडची राखीची मिठाई, मला वाटतं तो कुणी खाल्ला नाही. तू म्हणालास, "थांब, तुले एक वस्तू देस," आणि ती कॅसेट लावलीस. बाईंचा आवाज खोलीत आला. वडील भिंतीकडे तोंड करून बसले. गाण्यात मुलगी सजली, उंबरा ओलांडला, खांडबाऱ्याच्या फलाटावर उभी राहिली, गाडीची शिट्टी झाली. आणि खट्ट. आणि ती किंचाळी.

सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. का बघणार नाहीत? तो आवाज तुझ्या यंत्राचाच, हे घरातल्या पोरासोरालाही कळत होतं. तीनेक मिनिटं ती किंचाळी चालली. कुणाला कळ बंद करायचंही सुचलं नाही. मग पुन्हा खट्ट, आणि बाई गातच होत्या. मुलगी सुरतेला पोचलेली, सासू दिवा घेऊन दारात. शेवटची दोन कडवी, आणि संपलं.

विमल उठली. "भाई, तुले मन्ही पाठवणीच सापडनी का?"

तू म्हणालास, "मन्हाच हातनं व्हयनं व्हई."

तुला ते खरंच वाटत होतं. मी रेकॉर्डरमध्ये विसरलेली ती कॅसेट तूच काढून ठेवली होतीस, त्यामुळे त्यात घातलीही आपणच असणार, असं तू धरलंस. मी तिथेच होतो. ताट मांडीवर होतं. गेले कित्येक दिवस मी माझा गुणांचा प्रोग्राम कुठल्या कॅसेटमध्ये गेला ते शोधत होतो, आणि तो तिथे, सगळ्यांसमोर, सापडला. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, आता नको, घरात रडारड चालली आहे. उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी तू यंत्र खोक्यात भरत होतास, तेव्हा मी दोरी धरायला आलो. दोरीची गाठ मी मारली, कांती.

तू पुढे मला कधी विचारलं नाहीस. मी उत्तर द्यायला किती घाबरत होतो, ते न विचारलेल्या प्रश्नालाच ठाऊक.

पण तू गप्प बसणारा नव्हतास. हरवलेल्या तीन मिनिटांत काय होतं, याची तुला जी भूल पडली ती मरेपर्यंत उतरली नाही. लग्नकार्याला राजस्थानात गेलास की आत्या-मावश्यांना गाठायचास. पाठवणीचं गाणं सगळ्यांना यायचं. पण एकीच्या गाण्यात मुलगी उंटावरून जाई, दुसरीच्या गाण्यात नदी ओलांडून. आगगाडी कुणाच्याच गाण्यात नव्हती. तू परत येऊन मला सांगायचास, "मास्तर, बाईनी उंटले गाडीमा बसाडी दिनं!" चाल तिकडची, गाडी इकडची. म्हणजे बाईंनी ते गाणं स्वतः रचलं होतं आणि एकदाच म्हटलं होतं. मधली वाट दुसऱ्या कुणाला माहीत असायचा प्रश्नच नव्हता. असं आपण दोघांनी ठरवून टाकलं. दोन शहाणे!

मुलाने दुकान हाती घेतल्यावर तू रिकामा झालास आणि लॅपटॉप घेऊन बसलास. म्हणालास, त्या घरगुती संगणकांवर छोटी फिल्म करू, संगणकावरच काढलेली. आजच्या पोरांना दाखवू की तुमच्या खिशातल्या यंत्राचा आजा कसा होता. मला वाटलं चार दिवसांचा नाद. तू सत्तरीला टेकलेला माणूस, आणि मांडी घालून व्हिडिओ बघत बघत घन, गोल, नळकांडी जोडायला शिकलास. माळ्यावरचं खोकं खाली काढलंस. यंत्र चालू झालं नाही, रबर सुकून गेलेलं. तू म्हणालास, बरंच आहे, चालू झालं असतं तर खेळत बसलो असतो.

ते दिवस, कांती! मला वाटतं माझ्या म्हातारपणातले तेच दिवस चांगले गेले. आपण भांडलो कशावरून? कळ दाबली की किती खाली जाते यावरून. मी शाळेतून व्हर्निअर आणला. तू म्हणालास, मोजमाप नको, बोटाला कशी लागायची ते आठव. मी म्हटलं, ओल्या मातीसारखी. तू म्हणालास, नाही, म्हशीच्या कानासारखी. आणि खरंच, तू तशी केलीस तेव्हा ती बरोबर दबली. एका सेकंदाला चोवीस चित्रं. लॅपटॉप एकेक चित्र रंगवत बसायचा, आणि आपण पंख्याखाली त्याच्याकडे बघत. तू म्हणायचास, पूर्वी आपण यंत्राची वाट बघायचो, आताही बघतो, मग सुधारलं काय? मी म्हणायचो, पंखा.

आणि मग तू तो प्रसंग घातलास. एक हात चिकटपट्टी लावतो, कळ दाबतो, आणि गाणं बुडतं. आवाज खऱ्या कॅसेटचा.

मी म्हटलं, "हे काढ. ही माहितीची फिल्म आहे. घरातलं कशाला त्यात?"

"मास्तर, यामाच तं सगळी माहिती शे," तू म्हणालास. "लोकेसले कळाले पाहिजे, हाई यंत्र घरमा उनं तैं घरनं काय गयं."

बरं, निदान किंचाळी तरी लहान कर, असं मी म्हटलं. तीन मिनिटं कोण सहन करील? सात मिनिटांच्या फिल्ममध्ये तीन मिनिटं नुसते पट्टे आणि कर्कश आवाज, लोक उठून जातील. तू हटला नाहीस. जेवढं गाणं गेलं, तेवढी किंचाळी राहील. एक क्षणही कापणार नाही. या भांडणावरून आपण चार दिवस बोललो नाही. तुला वाटलं मास्तरला सिनेमा कळत नाही. खरं तर मला तेवढी तीन मिनिटं पडद्यासमोर बसवत नव्हतं.

त्याहून वाईट एक गोष्ट आहे. तुला त्या किंचाळीतून प्रोग्राम परत काढायचा होता. आता तशी सोय आहे. आवाज लॅपटॉपला दिला की तो शून्य-एक वेगळे करून प्रोग्राम मांडून दाखवतो. तुला जुन्या टीव्हीच्या पडद्यावर खराच प्रोग्राम दाखवायचा होता. "देखू तं सही, मी काय लिखं व्हतं." मी म्हटलं, टेप झिजली आहे, काही निघणार नाही, आधी फिल्म पुरी कर. तू दर आठवड्याला आठवण काढायचास आणि मी दर आठवड्याला नवं कारण द्यायचो. तुझं कुतूहल मी असं अडवून धरलं. तू माझा विद्यार्थी असतास तर मी अशा मास्तरला शाळेतून काढायला सांगितलं असतं.

तू गेल्यावर तुझ्या मुलाने लॅपटॉप माझ्या हातात दिला. "काका, तुम्हीच पुरं करा." मी पहिलं काम ते केलं. आवाज दिला आणि बघत बसलो. अर्धा प्रोग्राम तुटका निघाला, पण विषयांची नावं निघाली, पास व्हायला लागणारे गुण निघाले, आणि माझ्या त्या वर्गातल्या काही मुलांची नावंही. पहिली ओळ वाचूनच तुला कळलं असतं. तू माझ्या पाठीमागे कधी काढून बघितला होतास का? मी सगळा लॅपटॉप धुंडाळला. तशी खूण कुठे नाही. पण फाईल न ठेवता बघताही येतं, हेही मला माहीत आहे. मी यातून सोयीचा अर्थ काढणार नाही. तुला माहीत होतं आणि तू माफ केलंस, असं समजून मी झोपू शकतो. पण ती माफी माझी मीच लिहिलेली होईल.

म्हणून हात बदलायला बसलो. गंमत बघ, उजव्या हाताचा डावा करायला एक आज्ञा पुरते. आरशात धरल्यासारखा हात उलटतो. मला वाटलं झालं काम. बघतो तर अंगठी डाव्या हातात आली होती आणि डाग डाव्या मनगटावर. तो तुझाच हात राहिला, फक्त दुसऱ्या बाजूचा. मग तुझी अंगठी काढली. डाग पुसला. नखं बुटकी केली. अंगठ्याला खडूने पडणारी भेग घातली. माझी बोटं तुझ्याहून जाड आहेत हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तू केलेलं हलणं मात्र ठेवलं: कळ दाबण्याआधी बोट जरासं थांबतं, ते. माझं बोट त्या दिवशी थांबलं नव्हतं. पण तेवढं तुझं राहू दिलं.

आणि फिल्म मुलांना दाखवायच्या आधी एका माणसाला सांगणं भाग होतं.

विमल तुझ्या उठावण्याला, तिसऱ्या दिवसाच्या बैठकीला, सुरतेहून आली ती तुझ्या बायकोजवळ, भाभींजवळ राहिली आहे. आता तिला विमल म्हणवत नाही, विमलबाई. केस पांढरे, गुडघे धरलेले, जीभ तशीच. मी लॅपटॉप काखोटीला मारून गेलो. भाभींनी चहा ठेवला. मी म्हटलं, विमलबाई, आधी ऐकून घ्या. आणि सगळं सांगितलं. पट्टी, दिवा, गुण, राखीचं ताट, दोरी. तुझ्या घरात, तुझ्या फोटोखाली.

ती पदराने कपाची कड पुसत राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही चाळीस वरीस आमना घरना चहा पिनात. एकबी कपमाईन हाई बात वर उनी नई?"

मी हातातला कप बशीत ठेवला.

"माले वाटे, भाईले बाईनी आठवणच नई. मना समोर गाणानं नाव काढे नई. मी राखी बांधू, तो देस ते लेवू, गाडीमा बठू. मी म्हने, ह्या माणूसनी मन्ही पाठवणी खादी आनी एक सबद नई बोलस." तिने कप खाली ठेवला. "त्याले लाज वाटे व्हई. आनी माले राग. तुम्हले काय वाटे, मास्तर?"

भाभी म्हणाल्या, "आते जाऊ द्या ताई." विमलबाई म्हणाली, "जाऊ काय द्या? चाळीस वरीस गयंच ना." मग माझ्याकडे वळून, "लावा. देखू काय करी गया भाई."

मी फिल्म लावली. मोठ्या टीव्हीला जोडली. खोकं उघडलं, कळा दबल्या, म्हशीच्या कानासारख्या. जुना टीव्ही उजळला. विमलबाई नाकावर चष्मा सारून बघत होती. दुकानाचं दार आलं तेव्हा म्हणाली, "कडी उलटी लावी दिनी याने." बरोबर होतं, उलटीच होती. आपल्या दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. मग हात आला. माझा. तिने माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे.

बाईंचं गाणं सुरू झालं. उंबरा, फलाट, शिट्टी. आणि खट्ट, किंचाळी, पट्टे. मी डोळे मिटून घेतले. मला ती तीन मिनिटं काढायची होती.

काढता काढता मला त्या किंचाळीखाली दुसरा आवाज ऐकू आला. डोळे उघडले. विमलबाई गात होती. पडद्याकडे बघत, पुटपुटल्यासारखी, मांडीवर बोटांनी ठेका धरून.

"चिंचपाडं गयं बाई, नवापूर उनं..."

कांती, ते गाणं तिला येत होतं. सगळं. ज्या मुलीला निरोप दिला ती त्या खोलीत मान खाली घालून बसली होती आणि एकेक शब्द ऐकत होती. मग दर वर्षी राखीला येताना-जाताना त्याच गाडीतून, त्याच स्टेशनांवरून, ती ते मनात म्हणत आली. तू राजस्थानभर आत्या-मावश्यांना विचारत फिरलास. जिच्यासाठी ते रचलं तिला विचारायची तुला हिंमत झाली नाही, कारण तुला वाटत होतं अपराधी तू आहेस. मी एक वाक्य बोललो असतो तर तुम्ही दोघं त्याच श्रावणात एकमेकांशी बोलला असता. मी गाणं पुसलं असं आजवर समजत होतो. ते तर होतंच. मी तुला त्याच्यापाशी जाऊ दिलं नाही, हे माझं खरं काम.

तुला मधली वाट हवी होती ना? ऐक. चिंचपाड्याला मुलीला तहान लागते, आणि तिला घरचा माठ आठवतो. नवापूरला ती म्हणते, माझी ओढणी दोरीवरच राहिली. मग सोनगड येतं, आणि सोनगडला तू येतोस, कांती. तुझं नाव आहे गाण्यात. बाई म्हणतात, भाऊ गाड्या जमवायला पळतोय, बहिणीच्या डोळ्यांसमोर यायला धजत नाही, त्याला म्हणावं मी मागे वळून बघितलं होतं. तू जीप बघायला बाहेर गेला होतास, तेव्हा आत हे चाललं होतं. व्याराला मुलगी रडायची थांबते. बारडोलीला तिला भूक लागते. भूक लागल्याचं कडवं म्हणताना विमलबाई हसली, आणि त्या कर्कश आवाजातही मला कळलं की त्या दिवशी त्या खोलीतल्या सगळ्या बायका इथे हसल्या असणार.

भाभी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पट्टे धावत होते. तू एक क्षणही कापला नव्हतास, म्हणून तिला सगळं गाणं पुरलं. मी कापलं असतं तर ती बारडोलीलाच अडकली असती.

किंचाळी संपायच्या जरा आधीच तिचं गाणं सुरतेच्या वेशीशी आलं. ती थांबली. श्वास धरून, हात वर करून, जसं कुणाला मागून येऊ द्यावं तसं. खट्ट झालं. बाईंचा आवाज आला, आणि त्या दोघी मिळून सुरतेत शिरल्या.